धुतलेल्या एक्स-रेवरचा सिनेमा

चित्र पडद्यावर हलतं कसं, हे मी आयुष्यात शेकडो लोकांना समजावून सांगितलं असेल. त्यातल्या बहुतेकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि शेवटी विचारलं, "बरं, पण मग यात एवढं काम काय असतं?" या प्रश्नावर माझ्या डोक्यात आजही झिणझिण्या येतात. पण आता चिडायला जोर राहिलेला नाही, म्हणून लिहून टाकतो.

सिनेमाच्या फिल्मवर एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. माणसाचा सिनेमा असेल तर कॅमेरा ती आपोआप टिपतो. काढलेल्या चित्रांचा सिनेमा असेल तर ती कोणीतरी काढावी लागतात. एक चित्र दोनदा टिपलं तरी चालतं, तेव्हा सेकंदाला बारा धरा. बाईने विहिरीवर कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली, एवढ्यात तुमच्या तोंडातला पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात जातो. माझे तेवढ्यात महिने गेले.

आता हे काम संगणक करतो. मागचा देखावा वेगळा, माणूस वेगळा, सावली वेगळी, आणि शेवटी सगळे थर एकावर एक बसवून एक चित्र. हल्लीची मुलं मला हे नवीन म्हणून सांगतात. सत्तरच्या दशकात आम्ही वाशीमला हेच करत होतो. आमचा संगणक म्हणजे मी, माझी बायको शांता आणि रहमतभाई.

मी मूळचा अनसिंगचा. धंदा पेंटरचा. दुकानांच्या पाट्या, बैलगाडीच्या मागची नावं आणि टॉकीजमध्ये मध्यंतरात दाखवायच्या काचेच्या स्लाइडी रंगवायचो. रहमतभाईंचा वाशीमला फोटो स्टुडिओ होता. त्यांनी कुठूनसा एक जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा मिळवला होता. त्याला एक बारीक खटका होता. तो दाबला की फिल्म एकाच चित्रापुरती पुढे सरकायची. एवढ्या खटक्यावर रहमतभाईंनी अकोल्याच्या एका सरकारी प्रचार कचेरीतल्या साहेबांना शब्द देऊन टाकला, की आम्ही हलत्या चित्रांची फिल्म करून देतो. मला नंतर सांगितलं.

फिल्म नारूवर करायची होती. तरुण वाचकांना नारू माहीत नसेल, आणि ते बरंच आहे. हा दोऱ्यासारखा लांब जंत. पिण्याच्या पाण्यातून पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून बाहेर निघायचा. पायाला फोड यायचा, आग व्हायची. आग शमावी म्हणून माणूस विहिरीच्या पायरीवर उतरून पाण्यात पाय बुडवायचा. तिथेच जंत हजारो पिल्लं पाण्यात सोडायचा. तेच पाणी गाव प्यायचं. उपाय साधा, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं, पण तो पटायला आधी रोग डोळ्यांना दिसायला हवा. माझा मामा दर उन्हाळ्यात खाटेवर पडून असायचा. पायातून निघालेला नारू आगकाडीला गुंडाळलेला, आणि रोज थोडी थोडी काडी फिरवायची. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. ऐन पेरणीला मामा खाटेवर. त्यामुळे रहमतभाईंवर चिडलो, तरी नाही म्हणालो नाही.

साध्या फिल्ममध्ये हे दाखवता येत नाही. पाण्यातले किडे डोळ्यांना दिसत नाहीत, पोटातला जंत तर नाहीच. चित्रातच दाखवावं लागतं. आणि उन्हाळ्यात विहिरी आटून पायऱ्या उघड्या पडायच्या आत फिल्म गावोगाव फिरायला हवी होती.

आमची कामाची रीत अशी. सगळ्यात खाली पुठ्ठ्यावर विहिरीचा देखावा एकदाच रंगवायचा. त्यावर पारदर्शक शीट. एका शीटवर बाई, दुसऱ्यावर तिचा दोर ओढणारा हात, तिसऱ्यावर नारूचा माणूस, चौथ्यावर पाण्याचे तरंग. हात हलला तर फक्त हाताचं शीट बदलायचं, बाकी सगळं तसंच. पाटावर दोन खिळे ठोकले होते आणि प्रत्येक शीटला त्याच मापाची दोन भोकं, म्हणजे शीट केसभरही सरकणार नाही. बाईच्या चालण्याची चित्रं एकदाच काढायची आणि तीच फिरून फिरून वापरायची. ती जागेवरच पाय टाकते, मागचा देखावा आम्ही सरकवतो. पडद्यावर ती गावभर चालते.

पण पारदर्शक शीट आणायची कुठून? मुंबईच्या शीटचा भाव ऐकून रहमतभाई खाली बसले. मग त्यांनीच दवाखान्यातले टाकून दिलेले एक्स-रे मागून आणले. शांता ते धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घालायची आणि चिंधीने घासायची. वरचा काळा थर शेवाळासारखा निघून यायचा. तिला ते काम अजिबात आवडायचं नाही.

"कोणाच्या तं बरगड्या हायत ह्या," ती म्हणायची. "जित्ता हाय का गेला, काय मालूम. अन् मी त्याले धुऊन राह्यले."

रेघा शीटच्या पुढून, रंग मागून. तो रंग शांता भरायची. रंगात गोंद कमी पडला की वाळल्यावर पापुद्रा निघून बाईचं नाक गळून पडायचं. म्हणून तिने रंगात थोडं ग्लिसरीन घालायला सुरुवात केली. ही युक्ती तिची.

पहिला तुकडा टिपून मुंबईला धुवायला पाठवला. इथे दुसरी गंमत लक्षात घ्या. आपण काय केलं, ते फिल्म धुऊन परत येईपर्यंत दिसत नाही. वाट पाहा आणि नखं खा. फिल्म आली, स्टुडिओच्या भिंतीवर चालवली. बाई देखाव्यात आली की आभाळ एकदम काळवंडायचं. बाई गेली की उजेड. जसं काही ती बाईच अपशकुनी.

रहमतभाई म्हणाले, "ये क्या मनहूस बाई काढली रे तू?"

दोष बाईचा नव्हता. एक्स-रेच्या शीटला मुळातच निळसर झाक असते. एक शीट वाढलं की देखावा तेवढा गडद होतो. त्यानंतर आम्ही नियम केला की, पाटावर कायम चारच शीट. त्यावर काही काढलेलं असो किंवा कोरं असो. कोरं शीट टिपायला तेवढीच मेहनत का करायची, हे मला त्या वर्षात किमान पन्नास माणसांनी विचारलं असेल.

दुसरा तुकडा आला तो चक्क थरथरत होता. मध्येच उजेड, मध्येच अंधार. शीट मोजली, बरोबर चार. खिळे पाहिले, घट्ट. डोकं धरून बसलो असताना शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला आणि आमचे दिवे मंदावले. म्हणजे एवढे दिवस आमच्या विहिरीवर ज्वारी दळली जात होती.

गिरणीवाला पुंडलिक. त्याला समजवायला गेलो.

"मी गिरणी बंद ठेवू? कायले?"

"तू दळतो तवा आमचा उजेड कमी होते."

"अन् मी नाई दळलं तं लोकायची भाकर कमी होते. पेंटर, तू असं कर ना, कमी उजेडाचं चित्र काढ."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी असं ठरलं, की दुपारी तो जेवायला आणि लवंडायला घरी जातो तेवढा वेळ आमचा. आमची फिल्म एका माणसाच्या वामकुक्षीवर चालायची. पाहुणे आले आणि तो झोपला नाही, की आमचं काम बुडालं.

एवढं करून फिल्म तयार झाली. स्वच्छ, स्थिर, पाणी चमकणारं. ते चमकणं वेगळं टिपलं होतं. एकदा सगळं टिपून फिल्म कॅमेऱ्यातच उलटी फिरवायची आणि सुईने भोकं पाडलेल्या काळ्या कागदामागून दिव्याची तिरीप त्याच फिल्मवर पुन्हा टिपायची. पहिल्यांदा रहमतभाईंनी फिल्म थोडी कमी उलटी फिरवली, तेव्हा पाणी चमकायच्या ऐवजी बाईचं डोकं चमकलं. तेही सुधारलं. आम्ही साहेबांना बोलावलं.

साहेब सभ्य होते. आवाज कधी चढवत नसत. चढवला असता तर मला उलट बोलता तरी आलं असतं. फिल्म संपल्यावर म्हणाले, "उत्तम. फक्त बाईची साडी लाल आहे ना, ती हिरवी करा. लाल म्हणजे धोक्याचा रंग."

मी म्हणालो, "साहेब, फिल्म झाली. आता साडी बदलायची म्हणजे बाईची सगळी शीटं पुन्हा रंगवायची आणि सगळं पुन्हा टिपायचं."

इथे रहमतभाईंनी घात केला. त्यांना आपल्या युक्तीचा फार अभिमान. म्हणाले, "काय टेन्शन नाई साहेब. आपल्याकडे बाई अलग शीटवर, माणूस अलग शीटवर. जे बदलायचं तेवढंच बदलायचं, देखाव्याले हातही लावाले लागत नाई."

साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी विसरलेलो नाही. लहान पोराला कळावं की घरातला खाऊचा डबा उघडा आहे, तसा तो आनंद होता. त्यानंतर ते दर खेपेला काहीतरी बदलायला सांगू लागले. विहिरीजवळचं कुत्रं काढा. कुत्रं काढलं तर म्हणाले, देखावा ओकाबोका वाटतो, कुत्रं घाला. बाई जरा हसरी करा. मी म्हणालो, ती नारूचं पाणी भरतेय. ते म्हणाले, तिला कुठे माहीत आहे? आणि प्रत्येक वेळी वर, "तुमच्याकडे तर एकच शीट बदलायचं असतं." काम लवकर व्हावं म्हणून काढलेली रीत, तिच्यामुळेच काम संपेना. शांताने हिरवी साडी रंगवली. मग साहेबांनी पिवळी सांगितली. तिने कुंचला पाण्यात इतका जोरात आपटला की पुठ्ठ्यावरच्या विहिरीत खरंच पाणी पडलं.

हे सगळं मी गिळलं. खरी अडचण नंतर आली.

एक दिवस साहेबांनी नारूच्या माणसावर बोट ठेवलं. मी तो चांगल्या घरचा शेतकरी काढला होता. डोक्यावर पागोटं, अंगात पांढरी बंडी.

"पेंटर, हा पाण्यात पाय बुडवतो आणि रोग पसरवतो. गावात फिल्म दाखवताना पुढे कोण बसतं? गावातली मोठी माणसं. त्यांना हे आवडणार नाही."

"मग?"

"पागोटं काढा. उघडं डोकं, फाटके कपडे. आणि तो इकडून येताना दाखवा."

त्यांचं बोट चित्राच्या उजव्या कोपऱ्यात होतं. तिथे गावाच्या बाहेर मी चार झोपड्या काढल्या होत्या. अनसिंगला आमचा बौद्धपुरा असाच बाहेर, ओढ्याच्या अंगाला. चित्र काढताना हात आपोआप तिकडे गेला होता.

माझी कानशिलं तापली. साहेबांशी मी एरवी पुस्तकी बोलायचो, त्या वेळी घरचीच बोली तोंडात आली. "साहेब, तिकडच्या माणसाले त्या पायरीवर उतरू कोण देते? आमची माय घागर घेऊन वर उभी राहे, कोणी पाणी वाढून देईल म्हणून वाट पाहे. अन् पाणी खराब केलं आमी?"

साहेब म्हणाले, "तो सामाजिक प्रश्न झाला. आपला विषय नारू आहे." मग समजुतीने म्हणाले, "मनावर घेऊ नका. एकच तर शीट आहे."

मी म्हणालो, जमणार नाही. ते म्हणाले, मग फिल्म राहू द्या, या वर्षी काचेच्या स्लाइडी दाखवू. मला माहीत होतं, स्लाइडीवर जंत हलत नाही आणि न हलणारा जंत कोणी खरा मानत नाही. रहमतभाई एकदा माझ्याकडे बघत, एकदा साहेबांकडे. उन्हाळा तोंडावर आला होता आणि मामाच्या पायाला पुन्हा फोड आल्याचा निरोप होता. साहेबांनी विचार करायला दोन दिवस दिले.

घरी आलो तो भांड्यांवर राग काढत. शांताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले एक सांगा, नारू माणसाच्या डोक्याले होते का पागोट्याले?"

"पायाले होते."

"मंग तुमी अख्खा माणूस काढताच कायले? पाय काढा."

मी ते डोळ्यांसमोर आणलं. पडदाभर दोन पाय. घोट्यावर फोड. पायरी उतरतात, पाण्यात शिरतात, जंत पिल्लं सोडतो. पागोटं नाही, बंडी नाही, येण्याची वाट नाही. काम निम्म्याहून कमी. शीट सुद्धा कमी, वर कोरी घालून चार करायची. एवढी वर्षं कुंचला हातात धरून मला जे सुचलं नाही, ते तिला चुलीसमोर बसून सुचलं. त्याचीही मला त्या क्षणी थोडी चीडच आली.

साहेबांना सांगितलं. ते खूष झाले. "पागोटं गेलं ना? म्हणजे माझं म्हणणं तुम्हाला पटलं." मी कोरी शीटं मोजायला घेतली.

पाय पायरी कशी उतरतो, हे मनाने काढलं तर चुकतं. आजारी पाय आधी बोटं टेकवतो, टाच शेवटी. ते फोटो काढून त्यावरून गिरवायचं ठरलं. साहेब तिथेच होते. "अहो, असा नाही, असा उतरतो," म्हणत त्यांनी स्वतःच बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि स्टुडिओची पायरी लंगडत उतरून दाखवली. फार छान उतरले. रहमतभाई म्हणाले, "साहेब, एक बार फिरसे," आणि कॅमेरा घेऊन खाली आडवे झाले. साहेब हौसेने पाच-सहा वेळा उतरले.

ते फोटो काचेखाली दिवा लावून मी गिरवले. शांताने रंग भरले. साहेबांचा पाय गोरा, पण तिने घोट्यापर्यंत आपल्याकडची काळी माती लावली. मातीचा रंग एकदा चढला की पाय कोणाचा ते कोणी सांगू शकत नाही.

त्या फिल्मची एकच प्रत होती. गावोगाव फिरून ती घासली, चिकटवून चिकटवून तुकडे कमी झाले आणि पुढे कुठे गेली कोणालाच माहीत नाही. शीटं आम्हीच पुन्हा धुऊन दुसऱ्या कामाला वापरली. आज दाखवायला माझ्याकडे एक चित्रही नाही. याची हळहळ वाटते, पण तेव्हा शीट जपून ठेवायची चैन परवडणारी नव्हती.

पहिला खेळ जऊळक्याला झाला. दिवेलागणीनंतर शाळेच्या मैदानात पडदा बांधला. पुढे खुर्च्यांवर गावातली वजनदार माणसं आणि साहेब, एका बाजूला बाया, मागे बाकीचे. आमचे लोक सगळ्यात मागे, नेहमीप्रमाणे. पुढे मधोमध बापूराव नावाचे म्हातारे जमीनदार बसले होते. उजवा पाय फडक्यात गुंडाळून समोरच्या स्टुलावर ठेवलेला. मशीनवर रहमतभाई, आणि फिल्मला आवाज नसल्यामुळे भोंग्यावर मी.

बाई आली, पाणी भरलं. लोक हसले, कुत्र्यालाही हसले. मग पडदाभर ते पाय आले. बोटं टेकली, टाच टेकली, एक पायरी, दुसरी पायरी. पाय पाण्यात शिरले आणि फोडातून जंत वळवळला.

"थांबव! थांबव बे ते मशीन!" बापूराव काठी घेऊन उभे राहिले.

रहमतभाईंनी दचकून मशीन थांबवलं. फिल्म थांबली आणि दिवा तसाच राहिला तर उष्णतेने फिल्म वितळते. पडद्यावर शांताने रंगवलेल्या पायाच्या मधोमध तपकिरी भोक पडलं आणि पसरू लागलं. मी ओरडलो, "दिवा! दिवा बंद करा!" दिवा विझला. सगळं मैदान काळोखात.

काळोखात बापूरावांचा आवाज आला. "पेंटर, इकडे ये. तुले माह्या पायाचं कोणं सांगतलं?"

मी चाचपडत पुढे खुर्च्यांपाशी गेलो. "काय सांगतलं, बापूरावजी?"

"हा माहा पाय काढला तुनं. साऱ्या गावासमोर माही अब्रू काढून राह्यला तू."

"तुमचा पाय म्या पाह्यला बी नाई. हे चित्र हाय."

"खोटं नको बोलू! म्या असाच उतरतो. आधी बोटं, मंग टाच. सकाळच्या पाह्यरी, कोणी उठ्याच्या आंधी जातो म्या विहिरीवर, आग सहन नाई होत म्हणून. मले एक माणूस दिसत नाई तिथं. मंग तुले कसं मालूम?"

साहेब माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. त्यांनी आपले बूट वाळूतून खुर्चीखाली ओढून घेतल्याचा आवाज मला आला.

मग बायांच्या बाजूने एक तरुण आवाज आला. नंतर कळलं, ती बापूरावांची सून. सासऱ्यासमोर एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

"मामंजी, तुमी रोज उतरता त्या पाण्यात? लेकरं पेतात ना ते."

कोणीतरी कंदील पेटवला. बापूराव काठीवर भार देऊन उभे होते. त्यांना आपण काय बोलून गेलो ते कळायला वेळ लागला. एकदा त्यांनी सुनेच्या दिशेने पाहिलं, एकदा मागे, जिथे आमचे लोक उभे होते तिकडे. तिथून कोणी काही बोलणार असं त्यांना वाटलं असावं. कोणी बोललं नाही.

ते खुर्चीवर बसले. पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला. मग म्हणाले,

"लाव बे मशीन. यावर उपाय काय सांगते, ते पाहू दे."

रहमतभाईंनी जळालेला तुकडा कापला, फिल्म चिकटवली आणि दिवा लावला.